रोज आडनाव विचारणारा

"आडनाव?"

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी माझ्या ड्रॉइंग बोर्डच्या कडेवर दोन जाड बोटं टकटक करायची आणि हा प्रश्न यायचा. मी आडनाव सांगायचो. मग विचारणारा एखादी वाईट बातमी कळल्यासारखा कपाळाला हात लावायचा. "अरेरे! म्हणजे बरबटीखाऊ!" मी विचारायचो, "आणि तुझं?" तो छाती काढून सांगायचा, "त्राओरे." "तरीच," मी म्हणायचो, "मघापासून बरबटीचा वास येतोय." एवढं झाल्याशिवाय आम्ही कामाचा कागद हातात घेत नसू. सात वर्षं या माणसानं मला रोज आडनाव विचारलं. ते त्याला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

माझं आडनाव मी इथं सांगत नाही. सांगितलं, तर तुमच्यातले काही जण पुढचं वाचायच्या आधीच मला ओळखून बसतील, आणि तसली ओळख मला नको आहे. त्याचंही अमेरिकन नाव राहू दे. त्राओरे हे आडनाव त्याला पश्चिम आफ्रिकेत, मालीमधल्या एका खेड्यानं दिलं होतं. तो ते मिरवायचा. बाकी दिसायला अस्सल मिशिगनचा शेतकरी: सहा फूट उंची, उन्हानं लाल झालेली मान, भुवया इतक्या फिक्या की आहेत की नाहीत असा प्रश्न पडावा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला नोकरीला लागलो. मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणारी ती एक छोटी कंपनी होती. मी बिजागरीचं ड्रॉइंग करायचो आणि पलीकडच्या टेस्ट लॅबमध्ये तो ती बिजागरी मोडायचा. म्हणजे त्याच्याकडे एक यंत्र होतं, ते मोटारीचं दार दिवसभर उघडायचं आणि आपटायचं, उघडायचं आणि आपटायचं. कितव्या आपटण्याला बिजागरी मान टाकते ते तो वहीत लिहायचा. कानांना आवाज लागू नये म्हणून पिवळी कानटोपणं असायची, ती निम्मा वेळ त्याच्या गळ्यातच लटकलेली. सकाळी यंत्राचं बटण दाबण्याआधी तो वाकून त्या दारालाही विचारायचा, "रात्र कशी गेली? घरचे बरे आहेत ना?" लॅबमधले लोक एकमेकांकडे बघून डोळे फिरवायचे.

माझ्याकडे तो पहिल्यांदा आला तेव्हाही असंच झालं. रात्र कशी गेली, बायको कशी आहे, बायकोची आई कशी आहे, मुलं किती, ती शांत झोपतात का. एवढी चौकशी त्या देशात मला तोपर्यंत कुणी केली नव्हती. मी जरा सैलावलो. आणि मग त्यानं विचारलं, "आडनाव?"

माझी मान ताठ झाली. हा प्रश्न आपल्याकडे कसा विचारतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी 'कुठले तुम्ही?', मग 'नाही, म्हणजे मूळचे?', आणि मग हळूच, चहाचा घोट घेता घेता, 'आडनाव काय म्हणालात?' नागपूरच्या शाळेत हजेरी घेताना माझ्या नावाशी गुरुजी क्षणभर थांबायचे, आणि तेवढ्यात मागच्या बाकांवर खसखस पिकायची. तिथंच मी आडनाव गिळून सांगायला शिकलो. नाव मोठ्यानं, आडनाव खालच्या आवाजात आणि शेवटचं अक्षर खाऊन. सात समुद्र ओलांडून आलो, बौद्ध म्हणून ताठ मानेनं जगतो, पण ती सवय सामानातून आली ती आलीच. त्यालाही मी तसंच सांगितलं.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला.

मी परत सांगितलं. त्यानं ते दोनदा घोळवून म्हटलं, मान डोलावली आणि निघून गेला. मला वाटलं, झालं, आता याच्या डोक्यातही कुठला तरी खण उघडला असणार.

खण खरंच उघडला होता, पण तो कसला हे कळायला काही महिने गेले. एक दिवस माझ्या डब्यात बायकोनं बरबटीचे वडे दिले होते. बरबटी म्हणजे तुम्ही पुण्यामुंबईकडचे जिला चवळी म्हणता ती. अमेरिकन दुकानात ती 'काळ्या डोळ्यांची' म्हणून मिळते. मी डबा त्याच्यापुढे केला. त्यानं उजव्या हातानं एक वडा उचलला, तोडला, आणि चावता चावता थांबला. बराच वेळ तो त्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिला.

"हे आमच्या गावात सकाळी बायका तळतात," तो म्हणाला. "चौकात. अगदी हेच."

'आमच्या गावात' म्हणजे मिशिगनमध्ये नव्हे, हे मला नंतर कळलं. बाविसाव्या वर्षी तो दोन वर्षांसाठी तिकडे स्वयंसेवक म्हणून गेला होता. काम विहिरी खणण्याचं. त्याला विहिरीत बसवायची सिमेंटची कडी ओतायला शिकवून पाठवलं होतं. तिथं पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाकडे गेला आणि त्यानं थेट विचारलं, "फावडी कुठं ठेवली आहेत?" म्हाताऱ्यानं त्याला अंगणाबाहेर जायला सांगितलं, परत आत यायला सांगितलं आणि पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. रात्र कशी गेली, घर कसं आहे, मुलं कशी आहेत. तिसऱ्या खेपेला जमलं, तेव्हा कुठं फावडी मिळाली. "मी पंधरा मिनिटं वाचवायला गेलो होतो," तो सांगायचा, "आणि अख्खी सकाळ घालवली."

ज्या घरानं त्याला ठेवून घेतलं ते त्राओरेंचं. म्हणून हाही त्राओरे. त्या मुलखात कुणी भेटलं की पहिल्यांदा आडनाव विचारतात. आणि कशासाठी विचारतात? तर याची थट्टा करता येते की नाही ते कळावं म्हणून! तिथं आडनावांच्या जोड्या ठरलेल्या असतात. त्राओरे आणि जारा ही त्यातली एक. अगदी अनोळखी त्राओरे आणि अनोळखी जारा बाजारात समोरासमोर आले, तरी एकमेकांना खुशाल 'बरबटीखाऊ' म्हणून हिणवणार आणि कुणीही रागावणार नाही. रागवायची मुभाच नाही. आपल्याकडे मेव्हण्यामेव्हणीचं असतं ना, तसंच, पण अख्ख्या आडनावाशी. हे थट्टेचे सोयरे. भांडण झालं की मिटवायला तेच येतात, लग्नात धिंगाणा तेच घालतात आणि मयतीला पहिले हसवणारेही तेच.

"तुझं आडनाव कुठल्याच यादीत नाही," तो वड्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला. "मी बराच विचार केला. आजपासून तुझं आणि माझं ठरलं. बरबटीखाऊ!"

मला हसू आलं नाही. खरं सांगतो, मला थट्टा आवडत नसे. माझ्या लहानपणी ती एकाच बाजूनं यायची. हसणारे ठरलेले आणि ज्यांच्यावर हसायचं तेही ठरलेले. मी त्याला तसं तुटकपणे सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "मग तू आधी म्हण. महिनाभर तूच म्हण. मी गप्प बसतो."

आणि खरोखर महिनाभर तो रोज सकाळी येऊन आडनाव विचारायचा आणि शिवी खायला उभा राहायचा. पहिले आठ दिवस माझ्या तोंडून शब्द फुटेना. नवव्या दिवशी मी कसंबसं 'बरबटीखाऊ' म्हणालो, तर त्यानं लॅबमधल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं की आज मला शिवी मिळाली.

एकदा मी त्याला आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला घेऊन गेलो. शाळेच्या जिममध्ये कार्यक्रम होता. जेवणाच्या रांगेत एका गृहस्थांनी मला विचारलं, "अहो, तुम्हाला याआधी कधी पाहिलं नाही. नोव्हायला असता? व्हेरी नाइस. आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "अच्छा, अच्छा," ते म्हणाले आणि एकदम श्रीखंडाकडे वळले. पुढं तासभर ते आमच्याच टेबलाशी होते, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

गाडीत बसल्यावर त्यानं विचारलं, "त्या माणसाला तू आडनाव सांगितलंस आणि त्यानं थट्टा तर केलीच नाही. असं कसं?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. गुरुजी, हजेरी, मागचे बाक, आमच्या वस्तीतला वेगळा नळ, सगळं. एवढं सलग मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मधे मधे माझ्या तोंडून मराठीच येत होती, ती त्याला कळत नव्हती, पण जिमपासून माझ्या घरापर्यंत तो एकदाही मधे बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी तो आला आणि त्यानं आडनाव विचारलं, ते नेहमीपेक्षा दुप्पट मोठ्यानं. शेजारच्या बोर्डवरच्या माणसाची पेन्सिल मोडली.

त्याच सुमारास टीव्हीवर आफ्रिकेतल्या दुष्काळाची चित्रं रोज दाखवत. जेवणाच्या खोलीत सगळे हळहळायचे. एकदा तो उठला आणि त्यानं टीव्हीच बंद केला. "एवढी माणसं दाखवली, एकाचंही नाव सांगितलं नाही," तो म्हणाला आणि डबा तसाच ठेवून निघून गेला. त्याला चिडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या दिवशी मी त्याच्यामागून लॅबमध्ये गेलो, आणि तिथं, दार आपटणाऱ्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून त्यानं मला त्याची खरी गोष्ट सांगितली.

विहीर खणायला त्याच्याबरोबर एक जारा असायचा. वयानं याच्यापेक्षा थोडा मोठा, गावातला सगळ्यात चांगला खणणारा. स्वयंसेवकांना फटफटीवर घालायला हेल्मेट मिळत, याचं लाल होतं, ते त्या जारानं पहिल्याच दिवशी हिसकावून घेतलं. "बरबटीखाऊंचं डोकं रिकामं असतं, फुटलं तरी चालेल." दोन वर्षं तो ते हेल्मेट घालून तळाशी खणत होता आणि खालून वर शिव्या देत होता. दोर ओढायला एक क्षण उशीर झाला की विहिरीतून आवाज घुमायचा, "त्राओरे! बरबटी खाऊन झोपलास का?" वरच्या बायका हसून हसून घडे टेकवायच्या. विहिरीला पाणी लागलं तेव्हा त्यानं पहिली बादली वर पाठवली, ती चिखलाची, याच्या अंगावर ओतायला.

याच्या परतीला दोन महिने उरले होते. तो सिमेंट आणायला राजधानीला गेला आणि मागं पावसाळी तापानं जारा तीन दिवसांत गेला. हा परतला तेव्हा दफन होऊन गेलं होतं. अंगणात चटया टाकून माणसं बसली होती. मधे जाराची म्हातारी आई होती. हा फाटकातून आत आला तशा सगळ्या माना वर झाल्या. म्हातारीनं तर डोळ्यांवर हात धरून बघितलं. ते सगळे थांबले होते. सोयरा आला होता. आता तो म्हणणार, 'कुठं आहे तो आळशी बरबटीखाऊ, काम चुकवायला मेला काय?' आता हसू येणार, आणि मग मोकळं रडता येणार.

"मी टोपी काढली," तो मला म्हणाला. "मान खाली घातली. म्हातारीसमोर गुडघे टेकले आणि म्हणालो, मला फार वाईट वाटतं. आमच्याकडे हेच म्हणतात. मग मी रडलो. खरंच रडलो रे. दोन वर्षं तिथं राहून, रोज शिव्या खाऊन, ऐन वेळेला मला माझ्या आईनं शिकवलेलंच आठवलं."

सगळ्या माना परत खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी दहा मैलांवरून कुठला तरी एक त्राओरे आला. त्या माणसानं जाराला आयुष्यात दोनदाच पाहिलं असेल. त्यानं ते लाल हेल्मेट डोक्यावर घातलं, कमरेला दोर बांधला आणि अंगणाच्या मधोमध विहिरीत उतरल्याचं सोंग करून ओरडायला सुरुवात केली. अंगण हसलं, आणि मग असं रडलं की शेजारच्या वाडीतून माणसं धावत आली. निघताना म्हातारीनं याचा हात धरला आणि शांतपणे सांगितलं, "तू पाहुण्यासारखा रडलास."

यंत्र दार आपटत होतं. त्या दिवशी त्यानं वहीत आकडा लिहिला नाही.

"त्यांना मी आणखी एक गोष्ट कधीच सांगितली नाही," थोड्या वेळानं तो म्हणाला. मिशिगनचा नकाशा पंज्यासारखा दिसतो, त्यातल्या अंगठ्यावर त्याच्या वडिलांचं शेत होतं, आणि त्या शेतात पिढ्यान्पिढ्या एकच पीक घेत होते. बीन्स. पांढऱ्या घेवड्याचे दाणे, बरबटीचेच भाऊबंद. "दोन वर्षं रोज मला बरबटीखाऊ म्हणत होते आणि मी छातीठोकपणे सांगत होतो की आमच्याकडे फक्त मका होतो. जाराला मी जाता जाता खरं सांगणार होतो. तो विहिरीतच हसून मेला असता." हे बोलून त्यानं गळ्यातली कानटोपणं कानांवर चढवली.

पुढच्याच हिवाळ्यात नागपूरला माझे वडील गेले. फोन आला तेव्हा इथं बर्फ पडत होतं आणि तिथं सगळं उरकलं होतं. बाबा गिरणीत कामाला होते. दर पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहायचे, 'गाडी हळू चालवत जा.' बैठकीच्या खोलीत आम्ही बुद्धमूर्तीजवळ त्यांचा फोटो ठेवला, मेणबत्ती लावली, वंदना झाली. ओळखीचे लोक येऊन सोफ्यावर खालमानेनं बसत होते. मी दोन दिवस रडलो नव्हतो. माझी बायको मला सारखं पाणी आणून देत होती.

तो आला. बूट काढून थेट फोटोसमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि फोटोलाच विचारायला लागला, "रात्र कशी गेली? प्रवास नीट झाला? तिकडं घर कसं आहे?" सोफ्यावरचे लोक चुळबुळले. तो आवाज चढवून म्हणाला, "तुमच्या मुलाची तक्रार घेऊन आलोय. तुम्ही त्याला लिहिलंत, गाडी हळू चालव. हा बरबटीखाऊ फ्रीवेवर चाळीसच्या वर जात नाही. ट्रक भोंगे वाजवतात. म्हाताऱ्या बायका त्याला ओव्हरटेक करून हात दाखवतात. इतकी हळू चालवतो, इतकी हळू चालवतो, की बघा, तुम्हाला पोचवायलासुद्धा वेळेवर आला नाही."

सोफ्यावरचा एक जण उठून उभा राहिला. आणि माझ्या पोटातून कुठून तरी हसू फुटलं. ते मलाच ओळखू येईना. हसता हसता मी जो ओणवा झालो तो मला उठताच येईना. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला होता. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती स्वैपाकघरात जाऊन आईला म्हणाली, "काका मेड डॅडी क्राय. इज दॅट ओके?" बायको म्हणाली, "हो गं राणी. बरं केलं त्यांनी."

त्यानंतर दीड वर्षांनी त्याच्या पोटात गाठ निघाली. वय अवघं चाळीसच्या आसपास. लग्न केलं नव्हतं. लॅबमध्ये येणं त्यानं जमेल तितके दिवस सोडलं नाही. शेवटी शेवटी तो स्टुलावर बसून असायचा आणि दुसराच कुणी आकडे लिहायचा. एक दिवस मी लॅबमध्ये भेटायला गेलो तर म्हणाला, "ऐक. तुला काम आहे. आमच्या चर्चमध्ये सगळे काळे कपडे घालून गप्प बसतील. पाद्री म्हणेल तो भला माणूस होता. आई रुमाल डोळ्यांना लावेल आणि तिला नीट रडताही येणार नाही. तेव्हा तू उठायचंस."

"मला थट्टा येत नाही," मी म्हणालो.

"मग सात वर्षं काय करतोयस?"

"इथं तुझ्यापुढं येते. तिथं दोनशे गोऱ्यांसमोर? मी उभा राहून मेलेल्या माणसाला हसलो, तर मला हाकलून देतील. आणि तुझ्या आईला काय वाटेल?"

त्यानं स्टूल माझ्याजवळ ओढलं. मग म्हणाला, "माझंही तेच झालं होतं. भीती नव्हती रे. बरं दिसणार नाही, असं वाटलं." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "शब्द दे."

मी दिला. पण घरी येताना वाटत होतं, की बोलायला काय जातं.

सप्टेंबरमध्ये तो गेला. दफनाच्या आदल्या दिवशी मी लॅबमधून त्याची खुंटीवरची पिवळी कानटोपणं काढून आणली. बायकोला म्हटलं, सकाळी बरबटीचे वडे कर. ती बघतच राहिली. "अहो, फ्युनरलला वडे घेऊन जाणार? काही तरीच काय! लोक काय म्हणतील? नको, ते कॅन्सल करा." सकाळी उठलो तर घरभर तळणाचा वास सुटला होता आणि ती डबा भरत होती. "त्यांना आवडायचे," ती म्हणाली आणि तिनं पदरानं नाक पुसलं.

चाळीसच्या वेगानं मी नकाशातल्या त्या अंगठ्याकडे निघालो. ट्रकांनी भोंगे वाजवले. डेट्रॉइटची वस्ती संपली तशी दोन्ही बाजूंना सपाट शेतं लागली. काढणीला आलेलं पीक, सुकून पिवळं पडलेलं. आधी मला कळलंच नाही. मग एका वळणावर गाडी थांबवून मी उतरलो आणि हात लावून पाहिला. बीन्स. क्षितिजापर्यंत नुसत्या बीन्स.

चर्च लहान, पांढऱ्या लाकडाचं. पुढं पेटीत तो निजला होता, कोट घातलेला, भुवया कुणी तरी रंगवलेल्या. पहिल्या बाकावर त्याची आई, ताठ बसलेली, हातात घडी केलेला रुमाल. पाद्री म्हणाला तो भला माणूस होता. आमचा मॅनेजर म्हणाला तो वक्तशीर होता. मग पाद्रीनं विचारलं, आणखी कुणाला काही बोलायचंय का?

कुणी उठलं नाही. मीही उठलो नाही. त्या सगळ्या चर्चमध्ये माझ्या रंगाचा मी एकटा होतो, आणि माझ्या मांडीवर तेलाचे डाग पडलेली पिशवी होती. मनात म्हटलं, राहू दे, नंतर एकट्यानं थडग्यापाशी जाऊन बोलू, बरं दिसणार नाही. आणि 'बरं दिसणार नाही' हे शब्द मनात उमटले मात्र, मला तो स्टुलावर बसलेला दिसला. पाद्रीनं पुस्तक मिटायला घेतलं होतं. मी उभा राहिलो.

पुढं जाऊन मी आधी आडनाव सांगितलं. शेवटचं अक्षर न खाता. मग म्हणालो, "हा माणूस सात वर्षं रोज सकाळी मला बरबटीखाऊ म्हणायचा. आफ्रिकेतल्या एका अख्ख्या गावाला यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की आमच्याकडे बीन्स होत नाहीत, फक्त मका होतो. आज मी पहिल्यांदा याच्या घरी आलो. दोन तास गाडी चालवली. मका मला कुठं दिसला नाही." मी पेटीकडे वळलो. "खोटारड्या, अरे निदान रस्त्याच्या कडेला तरी चार कणसं लावायचीस!"

मॅनेजरनं डोळे मिटून घेतले होते. आता माघार नव्हतीच. मी पिवळी कानटोपणं गळ्यात अडकवली, पेटीच्या झाकणाशी वाकलो आणि त्याच्यासारखा घसा खाकरून त्या झाकणाला विचारलं, "रात्र कशी गेली? घरचे बरे आहेत ना? बिजागरी दुखते का?"

पहिल्या बाकावर म्हातारीचे खांदे हलायला लागले. मी तिला रडवलं होतं, तेही असं. मग तिनं मान वर केली. ती हसत होती. रुमाल तोंडात कोंबून हसत होती.

"मका!" ती मोठ्यानं म्हणाली. "लहानपणी हा बीन्स ताटाखाली लपवायचा. ताट उचललं की खाली ढीग!" शेजारी बसलेली त्याची बहीण फिसकन हसली. मागं कुणी तरी म्हणालं, चर्चच्या जेवणातही लपवायचा, बाकाखाली. हसू बाकाबाकांवरून मागं गेलं. आणि मग म्हातारीनं रुमाल खाली टाकला आणि हंबरडा फोडला. तसा मी नागपूरला आमच्या वस्तीत ऐकला होता, इथं कधी ऐकला नव्हता. मीही पेटीच्या कडेला धरून रडलो.

तळघरात जेवण होतं. वडे पाच मिनिटांत संपले. निघताना म्हातारी दारापर्यंत आली. तिनं मला आडनाव परत विचारलं. म्हणून पाहिलं, चुकलं. परत म्हटलं, परत चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली आणि मगच तिनं माझा हात सोडला.

सोमवारी मी वेळेवर ऑफिसात गेलो. बोर्डवर कागद लावला, पेन्सिलीला टोक केलं. आठ वाजून पाच मिनिटांनी हात आपोआप थांबला आणि मान वर झाली. बोर्डच्या कडेशी कुणी नव्हतं. पलीकडे कुणी तरी नुसतंच बटण दाबलं, दाराला काही न विचारता, आणि यंत्र दार आपटायला लागलं. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या रिकाम्या कडेकडे बघून मी माझं आडनाव सांगितलं, पूर्ण, शेजारच्या बोर्डवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.